गुरुजींच्या प्लॉटचा हरवलेला दीड फूट

दहा दिवसांत मिळायची बांधकाम परवानगी ७४ दिवसांनी मिळाली. प्रकरण माझ्याच हातातलं, त्यामुळे त्यातला एकेक दिवस कुठं गेला हे मला सांगता येतं. मी परवानाधारक अभियंता आहे. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं ऑफिस आहे आणि घरबांधणीच्या परवानगीचे अर्ज ऑनलाइन दाखल करणं हे आमचं रोजचं काम. परवानगी उशिरा आली की लोक नगरपरिषदेला बोल लावतात. मीही लावत होतो. पण या फाइलचा हिशेब मांडला तेव्हा ७४ पैकी नगरपरिषदेच्या टेबलावर ती फक्त १३ दिवस होती असं निघालं. उरलेल्या ६१ दिवसांबद्दल हे लिहितोय, कारण त्यातले बरेच वाचवता आले असते आणि ते वाचवणं आमच्या हातात होतं.

घर बांधणारे म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजीच म्हणतो. मूळ गाव औसा तालुक्यातलं, किल्लारीपासून फार लांब नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्यांच्या जुन्या घराचं माळवद खाली आलं. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं ओझं, अशी घरं त्या पट्ट्यात किती पडली हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. पहिल्याच भेटीत गुरुजी म्हणाले, "सर, घर लहान झालं तर होऊ द्या. पण कॉलम-बीमचा नकाशा सहीशिक्क्याचा पाहिजे. अन् सगळं रीतसर." मुलगा पुण्यात नोकरीला, कर्ज दोघांच्या नावावर निघणार होतं आणि मंजूर नकाशा हातात पडल्याशिवाय बँक पहिला हप्ता सोडणार नव्हती.

घाई पाण्याची होती. २०२३ चा पावसाळा मराठवाड्यात तुटीचा गेला. प्लॉटवरचं बोअर फेब्रुवारीपर्यंत साथ देईल असा अंदाज होता, पुढं क्युरिंगसाठी, म्हणजे सिमेंटचं काम ओलं ठेवण्यासाठी, टँकर लावावा लागणार. आमच्या भागात बांधकामाचा हंगाम खरं तर दसरा ते होळी एवढाच. म्हणून दसरा झाल्या-झाल्या, २७ ऑक्टोबरला, आम्ही अर्ज टाकला.

प्लॉट ४० बाय ६० फुटांचा, नव्वदच्या दशकात एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेल्या ले-आउटमधला. २४०० चौरस फूट म्हणजे २२२.९७ चौरस मीटर. डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली, मुंबई आणि काही अपवाद सोडले तर सगळ्या राज्याला एकच. तिच्यात लहान भूखंडांना मोठी सवलत आहे. १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर अभियंत्याच्या सहीचा नकाशा दाखल करून शुल्क भरलं की ती पावती हीच परवानगी. १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडाला दहा दिवसांत परवानगी. गुरुजींचा प्लॉट या दुसऱ्या गटात बसत होता. "दिवाळीच्या आधी होऊन जाईल बघा," असं मीच त्यांना सांगितलं.

ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. अर्ज अभियंत्याच्या लॉगिनमधून जातो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, खरेदीखत, एन.ए. आदेश, मंजूर ले-आउटची प्रत, मोजणी नकाशा, कर भरल्याची पावती, स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र हे सगळं स्कॅन करून जोडायचं. नकाशा ठरलेल्या लेअरमध्ये काढायचा: प्लॉटची हद्द एका लेअरवर, इमारतीची बाह्यरेषा दुसऱ्या, जिना, बाल्कनी, पार्किंग आपापल्या लेअरवर. हद्दीची रेघ कुठं एका बिंदूला जरी सुटी राहिली तरी संगणक फाइल परत करतो. रेघा नीट जुळल्या की तो स्वतःच क्षेत्रफळ काढतो, मार्जिन (घराभोवती सोडायची मोकळी जागा) मोजतो, चटई क्षेत्र (सगळ्या मजल्यांचं मिळून बांधकाम) तपासतो. ही तपासणी काही मिनिटांत होते आणि ती चांगली होते. पूर्वी याच कामाला रचना सहायकाला पट्टी घेऊन अर्धा दिवस लागायचा.

पण संगणक तपासतो ते आपण काढलेला नकाशा आणि आपण भरलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, एवढंच. प्लॉटवर जाऊन तो काही बघत नाही. आमची पहिली चूक इथंच झाली. खरेदीखतात ४० बाय ६०, ले-आउटमध्ये ४० बाय ६०, म्हणून ऑफिसातल्या मुलानं ४० बाय ६० चा चौकोन काढला आणि त्यात घर बसवलं. मोजणी नकाशाच्या जागी ले-आउट मंजुरीच्या वेळची जुनी प्रत जोडली. मी त्यावर सही केली. प्लॉटवर मी गेलो होतो, पण उभा राहून बघून आलो, टेप लावला नाही. संगणकानं सगळं हिरवं दाखवलं.

चौथ्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला, नगरपरिषदेकडून स्थळ पाहणी झाली. आलेल्या रचना सहायकानं टेप लावला. रस्त्याकडची बाजू बरोबर ४० फूट. खोली ६० फूट. मागची बाजू ३८ फूट ६ इंच.

त्याच दिवशी त्यानं प्रणालीत त्रुटी नोंदवली: प्रत्यक्ष क्षेत्र आणि कागदावरचं क्षेत्र जुळत नाही, अद्ययावत मोजणी नकाशा जोडावा. काम चोख होतं, माझी त्याबद्दल कसलीच तक्रार नाही. त्रुटीचा मेसेजही लगेच सुटला. पण तो ज्या मोबाइलवर गेला तो गुरुजींचा नव्हता. अर्जातल्या मालकाच्या रकान्यात आमच्या ऑफिसातल्या मुलानं सवयीनं स्वतःचा नंबर टाकला होता. ओटीपी पटकन मिळावा, मालकाला पुन:पुन्हा फोन करावा लागू नये, म्हणून सगळ्याच अर्जांत तो असं करायचा. ऑक्टोबरच्या शेवटी त्यानं दुसरीकडं नोकरी धरली आणि ते सिम बंद झालं. दिवाळीच्या गडबडीत मीही लॉगिन उघडून बघितलं नाही.

बारा दिवस ती त्रुटी कुणी वाचलीच नाही. गुरुजी फराळाचा डबा घेऊन ऑफिसला आले, "काय झालं सर, नगरपरिषदेत काय करायलेत आपल्या फाइलचं?" असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी त्यांच्यासमोरच लॉगिन उघडलं. तारीख दिसत होती. ३१ ऑक्टोबर. गुरुजींनी चष्मा वर करून ती वाचली आणि काहीच बोलले नाहीत. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

ऑनलाइन झाल्यानं अर्जदाराला घरबसल्या सगळं कळतं असं म्हणतात. आमच्याकडं बहुतेक अर्जदारांना काहीच कळत नाही. लॉगिन अभियंत्याचं, मेसेज अभियंत्याच्या नाहीतर त्याच्या माणसाच्या फोनवर. पूर्वी गुरुजी निदान नगरपरिषदेत जाऊन खिडकीवर आवक क्रमांक सांगून विचारू शकत होते. ती खिडकी गेली आणि तिच्या जागी आलेली किल्ली आम्ही आमच्याच खिशात ठेवली. त्या दिवसापासून माझ्या ऑफिसात नियम केला आहे: मालकाच्या रकान्यात मालकाचाच नंबर, आणि ओटीपीसाठी कितीही फोन करावे लागले तरी करायचे. काही मालकांचा फोन साधा असतो, काहींच्या फोनला रेंज नसते. तेव्हा घरातल्या लेकीचा-सुनेचा नंबर घेतो, पण त्यांच्याच घरातला.

आता प्रश्न होता, दीड फूट गेला कुठं?

प्लॉट ओळीतला शेवटचा. एका बाजूला शेजाऱ्यांची १९९८ साली बांधलेली वॉल कंपाउंड, दुसऱ्या बाजूला ले-आउटची हद्द आणि पलीकडं ओढा. साहजिकच संशय शेजाऱ्यांवर गेला. गुरुजी आणि शेजारचे मामा पंचवीस वर्षांचे स्नेही, पण त्या आठवड्यात दोघांचं बोलणं बंद झालं. मामांच्या मुलानं, "आमची भिंत पाडायला आलाव का?" असं मला गल्लीत थांबवून विचारलं. मी त्याला सांगितलं, मोजणी होईपर्यंत कुणी कुणाला काही म्हणायचं नाही.

मोजणीचा अर्ज उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयात ऑनलाइनच केला, तातडीची फी भरून. तरी मोजणीचा नकाशा हातात पडेपर्यंत ३१ दिवस गेले. मधल्या काळात दिवाळीच्या सुट्या आल्या. शिवाय त्या दिवसांत मराठवाड्यातली महसूल खात्याची कार्यालयं निजामकाळातले दप्तर उघडून कुणबी नोंदी शोधण्यात गुंतली होती. त्या लोकांवर त्या काळात किती भार होता ते मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे त्यांना दोष देणार नाही. पण मोजणी आधीच करून घेतली असती तर हे ३१ दिवस परवानगीच्या वाट्याला आलेच नसते. पावसाळ्यात, घराचा नकाशा ठरत असताना, मोजणी सहज झाली असती.

भूकरमापक रोव्हर (उपग्रहाच्या मदतीनं मोजणारं यंत्र) घेऊन आला. ले-आउटच्या जुन्या खुणांपैकी दोन दगड सापडले, एक झुडपात आणि एक मामांच्या भिंतीच्या पायाशी, अर्धा मातीत. मामांनी स्वतः कुदळ आणून तो उकरला. मोजणी संपली तेव्हा त्यांची भिंत बरोबर त्यांच्या हद्दीवर निघाली, एक इंच इकडं नाही की तिकडं. तूट होती दुसऱ्या अंगाला. मूळ गटाची ओढ्याकडची हद्द तिरकी आहे. ले-आउट काढणाऱ्यानं कागदावर ती सरळ धरली आणि सगळे प्लॉट सारखे ४० फुटांचे पाडले. पहिल्या दगडापासून ४०-४० फूट मोजत आलं की जी काही तूट असेल ती शेवटच्या प्लॉटवर येऊन पडते. म्हणजे गुरुजींचा दीड फूट कुणी घेतला नव्हता, जमिनीवर तो कधी नव्हताच.

गुरुजी मामांकडं गेले आणि म्हणाले, "चहा टाकायला सांगा." एवढ्यावर ते मिटलं.

क्षेत्र आता सरासरी रुंदी ३९ फूट ३ इंच धरून २३५५ चौरस फूट, म्हणजे २१८.७९ चौरस मीटर भरलं. नियमावलीच्या क्षेत्र तक्त्यात भूखंडाचं क्षेत्र तीन ठिकाणांहून लिहायचं असतं: मालकी हक्काच्या कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि प्रत्यक्ष जागेवर. तिन्हींपैकी सगळ्यात कमी असेल ते धरायचं. परवानगीसाठी खरेदीखत दुरुस्त करत बसायची गरज नव्हती. हे गुरुजींना समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला, कारण प्लॉट विकणारा गृहस्थ हयात नव्हता आणि चूक-दुरुस्ती लेखासाठी त्याचे वारस शोधत हिंडायची त्यांची तयारी नव्हती.

चार चौरस मीटर कमी झाले म्हणून चटई क्षेत्रात काही अडलं नाही. मूळ निर्देशांक १.१०, म्हणजे भूखंडाच्या १.१० पट बांधकाम, धरला तरी आमचं बांधकाम त्याच्या आतच होतं. अडलं ते मार्जिनमध्ये. ओढ्याकडच्या बाजूला आम्ही पाच फूट सोडले होते, ते मागच्या कोपऱ्यात साडेतीन फूटच उरत होते. मग मागची खोली दीड फुटानं आत घ्यावी लागली, आणि ती खोली म्हणजे स्वयंपाकघर. दहा फुटांचं साडेआठ झालं.

नकाशा घेऊन गुरुजींच्या भाड्याच्या घरी गेलो. काकूंनी कागद बाजूला ठेवला, खडू घेतला आणि फरशीवर साडेआठ फुटांचा चौकोन टेप लावून आखला. पूर्वेच्या भिंतीला ओटा, कोपऱ्यात फ्रिज, दाराजवळ पाण्याचं पिंप. मग त्या स्वतः त्या चौकोनात उभ्या राहिल्या, ओट्याकडं तोंड करून, आणि एक पाऊल मागं सरकल्या. पाठ फ्रिजला लागली. "दार इकडून करा," त्या म्हणाल्या, "मग फ्रिज मागच्या भिंतीला जाईल. ओटा मात्र हलवायचा नाही." दहा मिनिटांत प्रश्न सुटला. तेव्हापासून मी ऑफिसात स्वयंपाकघर काढताना घरातल्या बाईला बोलावतोच.

भिंत आत आली म्हणजे दोन कॉलमही आत आले. मग स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून भूकंपाचं बल धरून हिशेब पुन्हा करून घेतला, फूटिंगचे (कॉलमच्या पायाचे) आकडे बदलले, पत्र नवं घेतलं. फक्त वास्तूचा नकाशा बदलून जुनंच स्ट्रक्चरल पत्र जोडलेल्या फाइली मी पाहिल्या आहेत, आणि त्या मंजूरही होतात, कारण कॉलमची जागा संगणक तपासत नाही. गुरुजींच्या घरात ते करणं शक्यच नव्हतं, आणि कुणाच्याच घरात करू नये. या सगळ्यात आठ दिवस गेले. ते दिवस वाया गेले असं मी म्हणणार नाही.

२१ डिसेंबरला पूर्तता, म्हणजे त्रुटीचं उत्तर, दाखल केली. २६ तारखेला नवी त्रुटी आली: सातबारावर गुरुजींचं नाव 'राव' लावून आहे, आधारवर नुसतं आहे. हे कागद पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये होते. पहिल्या छाननीतच ही त्रुटी सांगितली असती तर मोजणीच्या ३१ दिवसांत प्रतिज्ञापत्र आरामात झालं असतं. नगरपरिषदेच्या बाजूनं मला मनापासून खटकलेली गोष्ट ही एकच. क्षेत्रच जुळत नसेल तर पुढचे कागद कशाला तपासायचे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्याकडं माणसं कमी आहेत हेही खरं. तरी कागदांची छाननी एकदा सुरू केली की ती शेवटपर्यंत करून सगळ्या त्रुटी एकत्र कळवाव्यात. एकेक त्रुटी आली की प्रत्येक वेळी अर्जदाराला तहसीलला, नोटरीकडं नव्यानं हेलपाटा पडतो.

२६ डिसेंबरलाच पुण्याहून गुरुजींच्या मुलाचा फोन आला. "सर, आज साठ दिवस झाले. कायद्यात आहे, साठ दिवसांत उत्तर नाही आलं तर परवानगी मिळाली असं धरायचं. उद्या खोदाई लावू का?"

त्यानं वाचलेलं चूक नव्हतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ४५ मध्ये ती तरतूद आहे. पण पोरानं अर्धंच वाचलं होतं. साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा त्रुटीला दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यांतलं जे नंतरचं असेल त्यापासून मोजायचे. आमचं उत्तर गेलं होतं २१ डिसेंबरला. आणि नियमांत तंतोतंत बसणाऱ्या बांधकामालाच मानीव परवानगी लागू होते. आमचा पहिला नकाशा तर प्लॉटशीच जुळत नव्हता. त्याच्यावर कुणी पाया घातला असता तर ते बांधकाम अनधिकृत ठरलं असतं, कलम ५३ ची, म्हणजे ते पाडायची, नोटीस आली असती, आणि कर्ज तर मिळालंच नसतं, कारण मानीव परवानगीवर हप्ता सोडणारी बँक मी अजून पाहिलेली नाही. मी त्याला एवढंच म्हणालो, "गुरुजींना एकदा विचार, पडलेलं घर पुन्हा बघायची त्यांची तयारी आहे का." तो गप्प झाला. दुसऱ्या दिवशी प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पचे पैसे त्यानंच पाठवले.

प्रतिज्ञापत्राला सहा दिवस गेले. त्यानंतर चार दिवसांत शुल्काचं चलन निघालं: विकास शुल्क, छाननी शुल्क, आणि बांधकाम खर्च दहा लाखांच्या वर जात असल्यामुळे एक टक्का कामगार उपकर. पैसे ऑनलाइन भरले, खात्यातून गेले, पण प्रणालीत दिसेनात. बँकेचा व्यवहार क्रमांक देऊन पाठपुरावा केला, चार दिवसांनी दिसले. अशा वेळी घाबरून दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. जास्तीचा परतावा मिळवायला परवानगीपेक्षा जास्त खेटे घालावे लागतात.

९ जानेवारीला डिजिटल सहीचं प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे बांधकामाची परवानगी, आलं. या वेळी मेसेज गुरुजींच्या फोनवर गेला, आणि माझ्या आधी त्यांनीच मला कळवलं. तिसऱ्या दिवशी पौष लागला. काकू म्हणाल्या, पौषात कुदळ मारायची नाही. म्हणजे भूमिपूजन माघात, आणि बोअरचं पाणी तोवर खाली गेलेलं. स्लॅबच्या क्युरिंगला टँकर लावावे लागले. तो खर्च गुरुजींनी केला, पण त्यातला काही भाग माझ्या फीमधून मी कमी केला, कारण बारा दिवस माझ्या ऑफिसात गेले होते.

आखणीच्या दिवशी गवंड्यानं चुना मारायच्या आधी गुरुजींनी टेपचं टोक स्वतःच्या हातात घेतलं. मागच्या कोपऱ्यात वाकून त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, "अडतीस फूट सहा." आणि वहीत लिहून घेतला.

उन्हाळ्यात त्याच ले-आउटमधले, गुरुजींच्या प्लॉटला पाठ लागून असलेल्या शेवटच्या प्लॉटचे मालक माझ्याकडं आले. त्यांच्या खरेदीखतात ४० बाय ६०. म्हणाले, "गुरुजींनी पाठवलंय. अर्ज टाकायचाय." मी कागद बघण्याआधी त्यांना गाडीवर घेतलं आणि प्लॉटवर गेलो. हद्द तशीच तिरकी पुढं जात असेल तर त्यांच्या रस्त्याकडच्या बाजूला ३७ फूट भरायला हवे होते. टेप लावला. ३७ फूट १ इंच. मोजणीचा अर्ज त्याच संध्याकाळी केला, मोबाइल नंबर त्यांच्या सुनेचा घालून.